करड्या विटा संपल्या नाहीत, पोटात गेल्या

प्रश्न : मला आणि माझ्या मुलीला (वय ११) लेगोच्या विटांचा किल्ला करायचा आहे. सुट्या विटा पाचेक हजार आहेत, त्यांत करड्या दीड हजार. तीन फूट बाय दोन फुटांचं प्लायवूड खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून ठेवता येईल. पहिल्यांदा हिरव्या पाटावर मधोमध चार बुरुजांचा किल्ला केला. तो वाढदिवसाच्या केकवर ठेवल्यासारखा दिसला. मग खाली डोंगर करायला घेतला, तर निम्म्या उंचीतच करड्या विटा संपल्या. पाट दुसऱ्या खोलीत नेताना डोंगर मधोमध दुभंगला. सह्याद्रीतला एखादा गड करता येईल का? जमीन आणि इमारती यांचा आराखडा कसा आखायचा? आणखी किती विटा घ्याव्या लागतील?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : इतक्यात नवीन विटा मागवू नका. तुमच्या पत्रातला आकडाच सांगतो की विटा कमी पडलेल्या नाहीत, त्या डोंगराच्या पोटात गेल्या.

हिशेब करून पाहा. ४० स्टड लांब, ३० स्टड रुंद आणि १५ विटा उंच डोंगर (स्टड म्हणजे विटेच्या डोक्यावरचं गोल बटण) भरीव केला, तर २ बाय ४ च्या २,२५० विटा लागतात. त्यातल्या बहुतेक कुणाला कधी दिसणारही नाहीत. तोच डोंगर पोकळ ठेवून आत दर ८ स्टडवर एक खांब उभा केला, तर २० खांबांना मिळून ३०० विटा पुरतात, आणि त्या लाल, पिवळ्या, निळ्या, कुठल्याही रंगाच्या चालतात. दिवाळीतला किल्ला आठवा. आत दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं आणि पोत्यावर मातीचा लेप द्यायचा. माती फक्त दिसते तिथे. इथे करड्या विटांना माती समजा.

आता प्रमाण, कारण पुढची सगळी मापं त्यावर ठरतात. लेगोचा माणूस साधारण ४ सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस पावणेदोन मीटरच्या आतबाहेर धरला, तर प्रमाण १:४२ च्या आसपास येतं. एक स्टड ८ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या जगात जवळजवळ एक फूट. एक वीट ९.६ मिलिमीटर उंच, म्हणजे चाळीस सेंटिमीटर. 'एक स्टड, एक फूट' हे लेकीला पाठ करायला सांगा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

याच मापाने पाहिलं तर अख्खा गड या प्लायवूडवर मावणार नाही. राजगडाच्या संजीवनी माचीची लांबी अडीच किलोमीटरच्या घरात सांगतात. ती या प्रमाणात साठ मीटर होईल. रायगडाच्या महादरवाजाच्या दोन बुरुजांची उंची ७५ आणि ६५ फूट सांगितली जाते. त्यातला मोठा बुरूज केला तर ५७ विटांचा थर, म्हणजे तुमच्या मुलीच्या गुडघ्याच्याही वर. संपूर्ण राजगड, त्याच्या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला एकत्र दाखवायचा असेल, तर माणसं विसरून अगदी लहान प्रमाण घ्यावं लागेल, जिथे वाडा म्हणजे एक बाय दोनची एक वीट. तेही सुंदर होतं, पण अकरा वर्षांच्या मुलीला दरवाजातून मावळे आत न्यायचे असतात. म्हणून गडाचा एकच तुकडा घ्या : माथ्याचा एक कोपरा, त्याच्या उजवीकडे थोडी खालची सपाटी, तिथे दरवाजा आणि खालून चढून येणारी वाट. उंची खऱ्याच्या एक तृतीयांश धरली तरी डोळ्याला खटकत नाही. रुंदी मात्र त्या हिशेबात कमी करू नका, नाहीतर बुरुजाचा धुराडा होतो.

तुमचा पहिला किल्ला केकसारखा का दिसला तेही सांगतो. चार कोपऱ्यांत चार बुरूज हा सपाट जमिनीवरच्या किल्ल्याचा नकाशा. वेल्समधला ब्यूमॅरिस (काम १२९५ मध्ये सुरू झालं, कधीच पुरं झालं नाही) असाच आहे, आणि तो उठून दिसतो तो भोवतीच्या पाण्याच्या खंदकामुळे. नुसत्या हिरव्या पाटावर तो नकाशा उघडा पडतो. गिरिदुर्गात उलटं असतं. तिथे डोंगर आधीपासून असतो आणि तट त्याच्या कडेकडेने जातो. जिथे कडा तुटलेला आहे तिथे तट लुटुपुटूचा किंवा नसतोच. जिथे सोंड खाली उतरते, माणूस चढून येऊ शकतो, तिथे तट, बुरूज आणि दरवाजा एकवटतात. हा नियम पाळला की एकही इमारत नसताना मॉडेल गड वाटायला लागतं.

तेव्हा विटेला हात लावण्याआधी आलेख कागद घ्या. ३२ बाय ३२ स्टडच्या सहा बेसप्लेट (विटा बसवायचे लेगोचे पातळ पाट), तीन बाय दोन अशा मांडल्या, तर ९६ बाय ६४ स्टड जागा मिळते, म्हणजे ७६.८ बाय ५१.२ सेंटिमीटर. प्लायवूडवर बाजूंना सात-सात आणि मागेपुढे पाच-पाच सेंटिमीटर मोकळं राहील. ते मोकळंच ठेवा, उचलताना बोटं तिथे बसतात. एक चौकट म्हणजे एक स्टड धरून कागदावर समोच्च रेषा काढा, दर तीन विटांच्या उंचीला एक. मागच्या डाव्या कोपऱ्यात ४० बाय ३० चा माथा, १५ विटा उंच. त्याच्या उजवीकडे, माथ्याच्या पुढच्या कडेशी एका रेषेत अशी ४१ बाय २० ची खालची सपाटी, १२ विटा उंच. पुढे ३४ स्टडचा पट्टा उरतो, तो वाटेसाठी आणि पायथ्यासाठी. मागची आणि डावी बाजू भिंतीकडे आहे, तिथे डोंगर सरळ कापून उघडा ठेवा. कड्याच्या विटा तिथे वाचतातच, शिवाय आतल्या खांबांपर्यंत हात पोचतो.

रेषा सरळ काढू नका, पण फार नागमोडीही नको. इथे सह्याद्री आपल्या बाजूने आहे. हा सगळा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, म्हणून त्यात उभा कातळ, मग गवताची अरुंद पट्टी, पुन्हा उभा कातळ अशी पायऱ्यांची रचना दिसते. लेगोची वीटही आडव्या थरांचीच. आल्प्सचा सुळका विटांत करताना जी मारामार होते ती इथे करावी लागत नाही. चार-पाच विटांचा उभा कडा, एक-दोन स्टडची पट्टी आत, पुन्हा कडा. एवढ्यावर बघणाऱ्याला तो सह्याद्री वाटतो.

ऋतूही आत्ताच ठरवा. पावसाळा असेल तर पट्ट्या हिरव्या, कातळ गडद करडा आणि काळा, कुठेतरी पारदर्शक विटांची पाण्याची धार. दिवाळीनंतरचा असेल तर गवत पिवळट, म्हणजे टॅन आणि गडद टॅन, हिरवं फक्त झुडपांत. दोन्ही एकत्र आले की घोटाळा होतो. तुमच्याकडे ज्या रंगाच्या प्लेट (विटेच्या एक तृतीयांश जाडीचे चपटे तुकडे) जास्त, तो तुमचा ऋतू.

करड्यातही दोन करडे आहेत. २००४ मध्ये कंपनीने करड्याची छटा बदलली. आधीचा किंचित पिवळसर, नंतरचा निळसर. जुन्या संचांतल्या विटा मिसळल्या असतील तर त्या खिडकीच्या उजेडात वेगळ्या करा. एकाच तटात मिसळल्या तर ठिगळं दिसतात. पायथ्याच्या कातळात आणि जोत्यात वापरल्या तर जुना, पाऊस खाल्लेला दगड वाटतो. दुसऱ्या कंपन्यांच्या विटा असतील तर त्या पोटातल्या खांबांत घाला. बसतात, पण पकड सैल-घट्ट असते, आणि दर्शनी तटात ती सैल वीट नेमकी बोटाशी येते.

आता बांधणी. खांब २ बाय ४ विटांचे, एकावर एक. नुसते रचले तर दहा विटांनंतर डुलतात, म्हणून दर पाच विटांवर शेजारच्या खांबाशी लांब प्लेटने बांधा. आठ स्टडच्या अंतराला २ बाय १२ ची प्लेट आरामात दोन खांब धरते. माथ्यावर मोठ्या प्लेट टाकताना त्यांचे सांधे खांबावरच यायला हवेत. सांधा मधल्या पोकळीवर आला की तिथे बोटाने दाबल्याबरोबर प्लेट आत बसते, आणि वाड्याचं जोतं बसवताना सगळा जोर नेमका तिथेच पडतो. माथ्याचे २० आणि खालच्या सपाटीचे १५ असे खांब धरले तर ४८० विटा.

कड्याला उतरत्या विटा लागतात. २ बाय २ आणि ३ विटा उंच, ७५ अंशांच्या असतील तर उत्तम. ४५ अंशांच्या त्यांच्यामध्ये विखरून. सगळ्यांत जास्त होणारी चूक इथली : सारख्या उताराच्या विटा एका ओळीत लावल्या जातात आणि कडा कौलारू छपरासारखा दिसायला लागतो. शेजारी शेजारी तीनपेक्षा जास्त सारख्या नकोत. मधूनच एक साधी वीट, मधूनच एक उलट्या उताराची, मधूनच एक स्टड आत. १० स्टड रुंद, ६ विटा उंच असा लेगोचा तयार खडक मिळतो. त्याची जगभर थट्टा होते आणि ती रास्त आहे, पण पायथ्याशी लावून त्याच्या कडा झुडपांनी झाकल्या तर तो पन्नासेक विटा वाचवतो. कड्याला एकूण साडेसहाशे ते सातशे नग धरा.

वाटेला चढ किती ठेवायचा? दर दोन स्टडला एक प्लेट (तीन प्लेट म्हणजे एक विटेची उंची). दरवाजा १२ विटा उंचीवर आहे, म्हणजे ३६ प्लेट, म्हणजे ७२ स्टड वाट. ती सरळ मावत नाही आणि मावायला नकोच. उजव्या पायथ्यापासून डावीकडे ३२ स्टड चढू द्या, वळण घ्या, मग कड्याला बिलगून उजवीकडे ४०. रुंदी ६ स्टड. या दुसऱ्या टप्प्यात चढणारा माणूस पूर्ण वेळ वरच्या तटाच्या माऱ्यात असतो. वाट अशी आखायची ती त्यासाठीच.

दरवाजा गोमुखी करा. दोन बुरूज पुढेमागे, त्यांच्यामध्ये वाट वळते आणि मगच दार दिसतं. खालून पाहणाऱ्याला दाराचा पत्ता लागत नाही, तोफेला सरळ नेम मिळत नाही, हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागा मिळत नाही. मॉडेलमध्ये वळणाला किमान १२ बाय १२ स्टड मोकळे ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर बुरूज बांधून झाल्यावर दारापर्यंत बोटसुद्धा जात नाही, मग मावळा आत ठेवणार कसा? कमान आठ स्टडची घ्या, आतली मोकळी जागा सहा स्टड मिळते. आतून दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, प्रत्येकी ४ बाय ३ स्टड. त्यांचं छप्पर काढता येईल असं ठेवा, कारण ती जागा लेकीची सगळ्यांत आवडती होणार.

बुरूज गोल करण्याच्या अनेक युक्त्या आहेत, पण पहिल्या खेपेला अष्टकोन बरा. भिंतीचे सरळ तुकडे लेगोच्या बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडले की तो होतो. बाजू ७ स्टडची ठेवा, ७ च का ते पाहा. अष्टकोनाच्या चार बाजू पाटाच्या चौकटीत बसतात आणि चार तिरप्या जातात. तिरपी बाजू आडवे ५ आणि उभे ५ स्टड गेली, तर तिची लांबी ७.०७ येते. सातशी फरक अर्ध्या मिलिमीटरचा, तो विटांच्या ढिलाईत जिरतो. बाजू ६ किंवा ८ घेतली की तिरप्या बाजूचं टोक स्टडवर येतच नाही, आणि मग जबरदस्तीने दाबून विटेला ताण बसतो. एकूण रुंदी १७ स्टड. हे माप बिजागरीच्या अक्षापासून अक्षापर्यंतचं. बिजागऱ्या प्रत्येक थरात नकोत. तळाला, माथ्याला आणि मध्ये दर पाच-सहा विटांवर एक पुरते. पाटाशी फक्त सरळ बाजू जोडा, तिरप्या तशाच टेकू द्या. दरवाजाचा उजवा बुरूज पाच बाजूंचा दिसेल, डावा निम्मा कड्यात शिरलेला, तीनच बाजूंचा. १४ विटा उंची धरून दोघांना मिळून अडीचशे-पावणेतीनशे नग.

तटालाही कुठेतरी तिरका जावं लागेल. तिथे ३-४-५ चा त्रिकोण कामी येतो. सहा स्टड लांब प्लेटच्या पहिल्या आणि शेवटच्या स्टडमध्ये अंतर पाच स्टडचं असतं. तिचं एक टोक एका गोल १ बाय १ प्लेटवर बसवा, दुसरं टोक तिथून ३ आडवे, ४ उभे मोजून दुसऱ्या गोल प्लेटवर. बरोबर बसतं, जोर लावावा लागत नाही. स्टड मोजू नका, स्टडमधली अंतरं मोजा. सगळ्यांचं चुकतं ते इथेच. खाली एका प्लेटची फट राहते, ती गवताने झाकते.

तटाची जाडी ४ स्टड : बाहेर एक पाख, आत एक पाख, मध्ये पोकळ, दर चार विटांवर दोन्ही बांधणारी प्लेट. उंची चर्यांसकट (तटाच्या माथ्यावरच्या दात्यांसकट) आठ-नऊ विटा. बाहेरच्या पाखाला छोट्या विटा आणि मधूनच दगडी नक्षीची १ बाय २ वीट, पाच-सहांत एक. सगळाच तट नक्षीचा केला तर डोळा कुठे ठरत नाही. आतल्या पाखाला लांब विटा, वाटेल त्या रंगाच्या. तट ताठ उभा राहतो तो या लांब विटांमुळे. फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावर, चालायला दोन स्टड रुंदीची मोकळी वाट ठेवा. चर्या चौकोनी दातांसारख्या केल्या की किल्ला पुन्हा युरोपात जातो. आपल्याकडच्या पाकळीसारख्या, टोकदार. १ बाय २ विटेवर दोन छोटे १ बाय १ चे उतार पाठीला पाठ लावून बसवा, वर टोक येतं. ४५ स्टड तटाला बाहेरून सव्वाशे आणि आतून सत्तर नग.

इमारतींबद्दल आमचं मत थोडं कडक आहे : माथ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा त्यांना देऊ नका. मोकळं पठार दिसलं तरच तो गड वाटतो, नाहीतर सोसायटी. सदर, एक लहान देऊळ आणि पाण्याचं टाकं एवढं पुरे. सदरेचं जोतं २० बाय १२ स्टड, दोन विटा उंच. वर लाकडी खांब आणि उतरतं छप्पर उभं करायचं, की आज बहुतेक गडांवर दिसतं तसं नुसतं जोतं ठेवायचं, हे लेकीला ठरवू द्या. नुसतं जोतं हा स्वस्त आणि खरा पर्याय आहे. छप्पर केलं तर भिंतींच्या माथ्यावर गुळगुळीत टाइल लावून फक्त चार कोपऱ्यांचे स्टड उघडे ठेवा, म्हणजे छप्पर अलगद उचलता येतं.

टाक्याची जागा मात्र पहिल्या दिवशीच कागदावर हवी. ते कोरायचं असतं, वर ठेवायचं नसतं. माथ्याच्या प्लेट टाकताना ८ बाय ६ स्टडची जागा सोडा, तिथले खांब दोन विटा कमी उंच ठेवा, तळाला गडद निळ्या किंवा गडद हिरव्या प्लेट आणि त्यावर पारदर्शक टाइल. तळ पांढरा किंवा फिका ठेवला तर टाकं न वाटता पोहण्याचा तलाव वाटतो.

झाडं मोठी खाली, वर खुरटी. पायथ्याला १०-१२ विटा उंचीची दोन-तीन पुरेत.

बेरीज : दिसणारे करडे नग साधारण बाराशे ते साडेबाराशे (कडा, बुरूज, तट आणि दरवाजाचे दीडशे धरून). तुमच्याकडे दीड हजार आहेत. विकत घ्यावंच लागलं तर बिजागऱ्या, ७५ अंशांचे उतार आणि मोठ्या प्लेट घ्या, साध्या विटा नकोत. ब्रिकलिंकचा 'स्टुडिओ' हा मोफत संगणक प्रोग्राम बुरूज आणि दरवाजा आधी जुळवून पाहायला चांगला. कडा मात्र त्यात करत बसू नका, तो हातानेच सुचतो.

राहिला दुभंगण्याचा प्रश्न. बेसप्लेट पातळ असते, वाकते आणि तिच्या खालून काही जोडता येत नाही. दोन बेसप्लेटवर एकसंध डोंगर बांधला आणि पाट किंचित वाकला की डोंगर सर्वांत कमकुवत सांध्यावर उघडतो. म्हणून माथा आधीपासूनच दोन तुकड्यांत बांधा. डावीकडून ३२ व्या स्टडवर बेसप्लेटचा सांधा येतो. माथ्याच्या प्लेट तिथे ओलांडू देऊ नका. दोन्ही बाजूंना भोकांच्या टेक्निक विटा लावून दोन उंचींवर दोन-दोन पिनांनी तुकडे जोडा. फट वर दिसू नये म्हणून सदरेच्या जोत्याची एक कड बरोबर त्या रेषेवर आणा आणि जोतं एकाच तुकड्याला चिकटवा. नेताना पिना काढायच्या, जोत्यासकट तुकडा उचलायचा, हात नेहमी प्लायवूडखाली. आणि कोपरा निवडताना तिथे दुपारचं ऊन येत नाही ना ते पाहा, उन्हाने करड्या विटा पिवळ्या पडतात.

पहिल्या रविवारी विटांचे डबे उघडूच नका. साबणाची खोकी आणि काड्यापेट्या घेऊन माथा, खालची सपाटी आणि दोन बुरूज प्लायवूडवर मांडा, वाट सुतळीने आखा, आणि खुर्चीत बसून लेकीच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहा. दार दिसत असेल तर डावा बुरूज दोन बोटं पुढे सरकवा.